बार्शीचे मास्तर आणि रात्रीची दोन घटका मौज

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? टिळक, आगरकर निदान शाळेच्या पुस्तकात भेटलेले असतात. दीक्षित तिथेही फारसे भेटत नाहीत. आणि तरीसुद्धा भारतीय ज्योतिषाचा (म्हणजे खगोलाचा, भविष्याचा नव्हे!) इतिहास लिहायला बसलेल्या कुठल्याही माणसाला त्यांच्या दारावरून पुढे जाता येत नाही. शिक्षण किती, तर मॅट्रिक. नोकरी कोणती, तर शाळामास्तर. वेधशाळा नाही, फेलोशिप नाही, मोठी दुर्बीण नाही. चार वर्षं कॅम्पस इंटरव्ह्यूच्या नावानं जीव मुठीत धरून बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा माणूस जरा नीट बघण्यासारखा आहे, म्हणून हा लेख.

जन्म जुलै १८५३, दापोलीजवळचं मुरुड. महर्षी कर्वे याच गावात वाढले, दीक्षितांपेक्षा पाचेक वर्षांनी लहान. दीक्षितांचं सुरुवातीचं शिक्षण गावातच झालं, थोडं मराठी, थोडं संस्कृत. मग दापोलीच्या कोर्टात काही दिवस उमेदवारी केली. ती वाट धरली असती तर एक चांगला कारकून तयार झाला असता, एवढंच. पण १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ही संस्था. तिथला अभ्यास करता करता इंग्रजी शिकले आणि १८७४ च्या सुमारास मॅट्रिक झाले. पुढे कॉलेज नाही. थेट रेवदंड्याच्या मराठी शाळेत मास्तरकी. सहा वर्षं तिथे, मग दोन-अडीच वर्षं ठाण्यात, आणि १८८२ मध्ये बदली होऊन बार्शीला.

बार्शी म्हटलं की आपण लगेच कान टवकारतो. केजहून कळंब, कळंबहून येरमाळा आणि तिथून उतरलं की बार्शी. आपल्याकडची निम्मी खरेदी एकेकाळी तिथल्या पेठेत व्हायची असं घरची जुनी माणसं सांगतात. दीक्षितांच्या वेळी बार्शी इंग्रजी मुलखात होती आणि आपला बीड जिल्हा निजामाच्या मुलखात, म्हणजे बोलीभाषेतल्या मोगलाईत. बार्शीची ती छोटी रेल्वे सुरू झाली १८९७ मध्ये, मास्तर तिथून गेल्यावर कितीतरी वर्षांनी. अशा आडबाजूच्या गावात १८८२ ते १८८९ ही सात वर्षं ते इंग्रजी शाळेत शिकवत होते. दिवसा वर्ग, वह्या, तपासणीसाहेब. आणि उरलेल्या वेळात अख्खं आकाश.

या सात वर्षांत त्यांनी काय काय केलं याची यादी केली तर आपल्याला आपल्या पीएलची लाज वाटेल. जे. एफ. फ्लीट नावाचे इंग्रज अधिकारी गुप्त राजांच्या शिलालेखांवर काम करत होते. शिलालेखात संवत असतं, महिना असतो, तिथी असते, कधी वारही असतो. पण गुप्त संवत नक्की कधी सुरू झालं हेच पक्कं ठरत नव्हतं, त्यामुळे राजे शतकं ओलांडून इकडेतिकडे सरकत होते. अमुक वर्षी अमुक तिथीला अमुक वार होता का, हे गणितानं तपासून देणारा माणूस हवा होता. हे गणित करून दिलं बार्शीच्या मास्तरांनी. कॉम्प्युटर सोडा, साधा कॅलक्युलेटर नसताना! फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ साली निघाला आणि गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० हा त्यातून पक्का झाला. आज स्पर्धा परीक्षेला आपण समुद्रगुप्त, चंद्रगुप्त यांची सनं घोकतो, त्यांच्या पाठीमागे या माणसाचे आकडे आहेत.

पण खरी लढाई वेगळी होती. ती पंचांगाची.

हे नीट समजून घ्यायला जरा थांबावं लागेल. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. भोवरा जमिनीवर डुलतो तसाच, फक्त एक डुलकी पुरी व्हायला जवळजवळ सव्वीस हजार वर्षं लागतात. त्यामुळे ज्या बिंदूवर सूर्य आला की दिवस-रात्र सारखे होतात, तो बिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकतो, बहात्तर वर्षांत सुमारे एक अंश. याला अयनचलन म्हणतात. आता वर्ष मोजायचं कशावरून? सूर्य पुन्हा त्याच ताऱ्यापाशी आला यावरून मोजलं तर ते निरयन. पुन्हा त्याच ऋतूत आला यावरून मोजलं तर ते सायन. दोन्हींत फरक फक्त वीस मिनिटांचा. पण वीस मिनिटं दरवर्षी साचत गेली की महिने ऋतूंवरून घसरतात.

विश्वास बसत नसेल तर एक गंमत बघा. १२ जानेवारी आपण युवा दिन म्हणून साजरा करतो, कारण १८६३ साली त्या दिवशी विवेकानंदांचा जन्म झाला. त्या वर्षी तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत दोन-तीन दिवस सरकली. संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होतं असं आपण म्हणतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरलाच. गच्चीवरून बालाघाटाच्या डोंगररांगेवर सूर्य कुठे उगवतो याची डिसेंबरभर खूण करून ठेवा, संक्रांतीच्या कितीतरी आधीच तो परत फिरलेला दिसेल.

त्या काळी महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं ग्रहलाघवावरून तयार व्हायची. गणेश दैवज्ञांचा हा ग्रंथ १५२० चा. ग्रंथ उत्तमच, पण साडेतीनशे वर्षांत त्याचे आकडे आणि आकाश यांची फारकत झाली होती. ग्रह पंचांगात एका जागी, आकाशात दुसऱ्या. केरो लक्ष्मण छत्र्यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारानं १८६५ पासून आकाशाशी जुळणारं पंचांग काढलं, तेच पटवर्धनी पंचांग. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि आपले दीक्षित यांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. वसंत ऋतूचे महिने वसंतात आलेच पाहिजेत, म्हणजे वर्ष सायनच हवं, असं त्यांचं म्हणणं. शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून, त्यांनी सायन पंचांग काढायला सुरुवात केली.

आणि ते चाललं नाही. लोकांनी घेतलं नाही असंच म्हणायला हवं. कारण पंचांग म्हणजे नुसतं गणित नव्हे, त्यावर एकादशी आहे, श्राद्ध आहे, लग्नाची तिथी आहे. शेजारच्या घरची संक्रांत एका दिवशी आणि आपली तीन आठवडे आधी, हे कोण सोसणार? मला इथे दीक्षितांचं विशेष वाटतं. ते धर्म सोडून बाहेर उभे राहिलेले सुधारक नव्हते. धर्ममीमांसा नावाचं पुस्तक लिहिणारा, वेदांवर श्रद्धा असलेला हा माणूस. आपल्याच माणसांना, त्यांच्याच शास्त्राच्या आधारानं, तुमचा सण चुकीच्या दिवशी येतोय हे सांगायचं म्हणजे काय, याचा विचार करा. विरोधकाला शिव्या देणं सोपं असतं. यांनी ते केलं नाही, शांतपणे ग्रंथ चाळत राहिले, पुरावे गोळा करत राहिले. पुण्याच्या दक्षिणा प्राईज कमिटीनं पंचांगाच्या इतिहासावर पुस्तकासाठी बक्षीस जाहीर केलं होतं. त्यासाठी लिहायला घेतलेलं पुस्तक वाढत वाढत त्यांच्या आयुष्याचा ग्रंथ झालं.

मध्येच १८८९ मध्ये बदली झाली धुळ्याला, ट्रेनिंग स्कूलमध्ये. तिथून १८९२ मध्ये त्यांचं एक छोटं पुस्तक बाहेर आलं. मला स्वतःला त्यांच्या सगळ्या कामात हेच जास्त आवडतं. नाव ज्योतिर्विलास. आणि जोडनाव काय दिलं असेल? रात्रीची दोन घटका मौज!

जरा विचार करा. ज्या माणसाचं डोकं दिवसरात्र अधिकमास आणि अयनांश यांत बुडालेलं, त्यानं साध्या मराठी वाचणाऱ्या माणसासाठी आकाशाची ओळख लिहिली आणि तिला मौज म्हटलं. ज्ञान नाही, शास्त्र नाही, कर्तव्य तर मुळीच नाही. मौज! तीही दोनच घटका. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं, दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस. आपलं एक लेक्चरही यापेक्षा मोठं असतं.

हा हिशोब मी गच्चीवर बऱ्याच वेळा करून बघितलाय, आणि तो विलक्षण बरोबर बसतो. ट्यूबलाइटखालून उठून अंधारात गेलं की डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे पहिली घटका डोळ्यांची. या वेळात मोबाईल काढला की सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसरी घटका आकाशाची. (हा अर्थ माझा. दीक्षितांच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही.)

दुसऱ्या घटकेत काय बघायचं? ज्या महिन्यांत गुरू संध्याकाळी वर असेल त्या महिन्यांत गुरूचे चंद्र बघा. त्यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही. १० बाय ५० चं साधं बायनॉक्युलर पुरतं, मात्र हात हलता कामा नये. पाण्याच्या टाकीला नाहीतर कठड्याला टेकवून धरलं की गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके दिसतात, कधी चार, कधी तीन, कधी दोनच. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओला पहिल्यांदा तीनच दिसले होते. आधी त्याला वाटलं साधे तारे आहेत. पण दुसऱ्या रात्री त्यांनी जागा बदललेल्या. आठवड्याच्या आत चौथाही सापडला. पृथ्वीभोवती न फिरणारी, दुसऱ्याच कुणाभोवती फिरणारी वस्तू आकाशात आहे, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. तिथेही भांडण ग्रंथात लिहिलंय ते खरं की आकाशात दिसतंय ते खरं, याचंच होतं.

चौघांपैकी आयो सर्वांत आतला. पावणेदोन दिवसांत तो गुरूला फेरी मारतो. युरोपाला त्याच्या दुप्पट वेळ, साडेतीन दिवस. गॅनिमीडला त्याच्याही दुप्पट, सव्वासात दिवस. गिअर ट्रेन शिकलेल्या माणसाला हे प्रमाण बघून आनंद झाला नाही तर त्यानं ब्रँच बदलावी. चौथा कॅलिस्टो निवांत, जवळजवळ सतरा दिवस घेतो. आता दोन घटकांचं गणित करा. आयोचा वेग सेकंदाला सतरा किलोमीटरच्या वर, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांत तो सुमारे पन्नास हजार किलोमीटर सरकतो, गुरूच्या व्यासाच्या एक तृतीयांश. छोटी दुर्बीण असेल आणि आयो गुरूच्या कडेजवळ असेल, तर तुमच्या डोळ्यांदेखत तो कडेला येऊन टेकतो आणि दिसेनासा होतो. रात्रीची दोन घटका मौज म्हणजे ही. आवाज नाही, गडबड नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. एक ठिपका होता, आता नाही. याच आयोच्या ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात हे बघून १६७६ मध्ये रोमरनं प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे ओळखलं होतं.

दीक्षितांच्या हयातीत तर चंद्रांची नुसती धमाल चालू होती. ते रेवदंड्याला मास्तर होते तेव्हा, ऑगस्ट १८७७ मध्ये, अमेरिकेत असाफ हॉलनं मंगळाचे दोन्ही चंद्र शोधले. ते धुळ्याला असताना, सप्टेंबर १८९२ मध्ये, बर्नार्डला गुरूचा पाचवा चंद्र दिसला. एकाकडे सव्वीस इंची दुर्बीण, दुसऱ्याकडे छत्तीस इंची. आणि त्याच १८९२ मध्ये इकडे ज्योतिर्विलास, कशाचीही अट न घालता, नुसत्या डोळ्यांसाठी. दोघांच्या आकाशात फरक नव्हता.

आपला जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो, पण पर्जन्यछायेचा एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही. ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत इथलं आकाश बहुतेक रात्री मोकळं असतं. पुण्या-मुंबईच्या पोरांना आकाश बघायला गाडी करून बाहेर जावं लागतं, आपल्याला जिना चढावा लागतो. आमच्या गावाकडची ऊसतोडीला जाणारी माणसं सप्तर्षीला बाजलं म्हणतात, मृगाच्या मधल्या तीन चांदण्यांना तिकांडं. पहाटे गाडी कधी जुंपायची हे तिकांडं कुठवर आलं त्यावरून ठरायचं. आकाश त्यांच्या कामाचं होतं.

याच तिकांड्यावरून दीक्षितांचा सगळ्यात गाजलेला शोध गच्चीवरून समजून घेता येतो. शतपथ ब्राह्मणात एक उल्लेख आहे की बाकीची नक्षत्रं पूर्व दिशेवरून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. हे वाक्य कित्येकांनी वाचलं असेल. दीक्षितांनी त्यात निरीक्षण वाचलं. कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवतात म्हणजे त्या विषुववृत्तावर आहेत. आज त्या तिथे नाहीत. मग केव्हा होत्या? अयनचलनाचं गणित उलटं फिरवलं तर उत्तर येतं इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास. १८९५ मध्ये त्यांनी हे इंडियन अँटिक्वरीत मांडलं. काही विद्वानांना त्या उल्लेखाचा हा अर्थ मान्य नाही आणि वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला तारखेपेक्षा पद्धत मोठी वाटते. पोथीतल्या वाक्याचा पुरावा आकाशाकडे मागायचा!

तुम्हीही मागू शकता. नोव्हेंबरच्या मध्यावर, मेसच्या जेवणाआधी गच्चीवर जा. अंधार पडता पडता कृत्तिकांचा पुंजका पूर्व क्षितिजावरून वर येत असतो. त्यानंतर सव्वादोन-अडीच तासांनी तिकांडं उगवतं. तिकांड्यातली सर्वांत आधी वर येणारी चांदणी आजच्या काळात जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवते, ती जागा डोळ्यांत धरा. कृत्तिका उगवल्या ती जागा तिच्या डावीकडे, उत्तरेकडे, पंचवीस अंशांवर होती. हात सरळ पुढे धरला की मूठ सुमारे दहा अंशांची होते, म्हणजे अडीच मुठी. या अडीच मुठी म्हणजे पाच हजार वर्षं.

बारावं शतक आणि आपलं बीड यांचाही एक धागा याच विषयात आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. भास्कराचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगितलंय, आणि काही अभ्यासक ते म्हणजे बीड असं म्हणतात. पण त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे चाळीसगावजवळच्या पाटणला, आणि बीड काही सह्याद्रीला लागून नाही. आपल्याला कितीही आवडलं तरी हा दावा मला कच्चा वाटतो.

१८९४ मध्ये दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक म्हणून परतले, जिथे चोवीस वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून आले होते. १८९६ हे त्यांचं वर्ष. आर्यभूषण छापखान्यातून भारतीय ज्योतिषशास्त्र बाहेर पडलं. वेदकाळापासून त्यांच्या स्वतःच्या काळापर्यंतचे ग्रंथ, ग्रंथकार, सिद्धांत, पंचांगं, सगळ्यांचा हिशोब एका माणसानं मराठीत मांडलेला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर लिहिलेलं द इंडियन कॅलेंडर लंडनमध्ये निघालं, जुन्या भारतीय तारखा इसवी सनात बदलायचं साधन. आज हे काम संगणकावर एका क्लिकवर होतं, पण पुढची कित्येक दशकं इतिहासकारांच्या टेबलावर हे पुस्तक होतं.

एप्रिल १८९८ मध्ये पुण्यात ते वारले. वय चव्वेचाळीस.

मराठी ग्रंथ मात्र मराठीबाहेर गेला. १९५७ मध्ये लखनौहून त्याचा हिंदी अनुवाद निघाला. सरकारनं इंग्रजी अनुवाद करवून घेतला, पहिला भाग १९६९ मध्ये, दुसरा १९८१ मध्ये.

आणि पंचांगाचं काय झालं? १९५२ मध्ये भारत सरकारनं मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. २२ मार्च १९५७ हा तिचा पहिला दिवस, १ चैत्र शके १८७९. वर्ष सायन. मास्तरांना जाऊन तेव्हा एकोणसाठ वर्षं होत आली होती. ही तारीख आजही सरकारी राजपत्रावर असते, भिंतीवरच्या कॅलेंडरात बारीक अक्षरात असते. सण तिच्यावरून ठरत नाहीत. हॉस्टेलमध्ये तिळगूळ अजून १४-१५ जानेवारीलाच वाटला जातो, सूर्य उत्तरेकडे वळून तीन आठवडे उलटल्यावर.